विशेष शाळेचा पट आणि प्रगतीचे माप

विशेष शाळेच्या वार्षिक अहवालात बहुधा दोन तक्ते असतात. पहिल्या तक्त्यात मुलांची मोजदाद असते: मुलगे किती, मुली किती, कोणत्या वयाचे, कोणत्या सामाजिक प्रवर्गातले, अक्षमता कोणत्या प्रकारची आणि किती तीव्र. दुसऱ्या तक्त्यात वर्षभरात ठरवलेल्या उद्दिष्टांपैकी किती साध्य झाली, किती मुले वरच्या गटात गेली आणि किती जण एखाद्या परीक्षेला बसून उत्तीर्ण झाले, याचा हिशेब असतो. हे तक्ते एकापुढे एक छापले की वाचणारा त्यांच्यात आपोआप नाते जोडतो, आणि मुली मागे का, अमुक वस्तीतली मुले पुढे का, अशा प्रश्नांची उत्तरे पहिल्या तक्त्यात शोधू लागतो. मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासात ही रीत योग्य असली, तरी चाळीस-पन्नास मुलांच्या विशेष शाळेत ती दिशाभूल करते. अशा शाळेचा पट मुलांच्या कुवतीविषयी फारसे काही सांगत नाही. तो शाळेपर्यंत येणाऱ्या वाटेविषयी, म्हणजे शहराविषयी सांगतो. प्रगतीचा तक्ताही एका मुलाची तुलना त्याच मुलाच्या आरंभबिंदूशी केली तरच खरा ठरतो. ही दोन विधाने मान्य केली, तर विशेष शाळांकडून कोणती माहिती मागावी आणि ती कशी वाचावी, यात बराच बदल करावा लागेल.

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्स या भागाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. नागपूरकर भोसल्यांकडून १८१७ साली हे शहर इंग्रजांच्या ताब्यात गेले, १८६१ पासून ते मध्य प्रांतात आणि म्हणून नागपूर राजधानीच्या कारभारात राहिले, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-विदर्भ एकीकडे व जबलपूर दुसरीकडे गेले. त्याच वर्षी मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरात आले. पुढे २००३ साली पश्चिम-मध्य रेल्वेचे मुख्यालयही येथेच झाले. मुलकी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांसाठी आखलेली सिव्हिल लाइन्स ही वस्ती त्यामुळे आजही रुंद रस्त्यांची, सरकारी निवासस्थानांची, वकिलांची आणि डॉक्टरांची आहे. विशेष मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था अशा भागात उभ्या राहणे स्वाभाविक असते, कारण जागा, दाते, डॉक्टर आणि प्रशिक्षित शिक्षक येथेच जवळपास मिळतात. न्यायमूर्ती तन्खा यांच्या स्मरणार्थ रोटरीच्या पुढाकाराने चालणारी विशेष मुलांची संस्था जबलपुरात सुपरिचित आहे, आणि अशा कामाला शहरातील प्रतिष्ठित वर्गाचा किती आधार लाभतो हे तिच्यावरून दिसते. येथील विवेचन मात्र कोणत्याही एका संस्थेच्या आकड्यांविषयी नाही. सिव्हिल लाइन्ससारख्या वस्तीत बसलेल्या कोणत्याही छोट्या विशेष शाळेच्या पटाला जे लागू पडते, त्याविषयी आहे.

अशा शाळेचा पट म्हणजे जिल्ह्यातील दिव्यांग मुलांचा नमुना नव्हे. २०११ च्या जनगणनेत भारतात २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, व्यक्ती दिव्यांग म्हणून नोंदल्या गेल्या, आणि मध्य प्रदेशात ही संख्या सुमारे १५.५ लाख होती. पाच ते एकोणीस वर्षे वयाच्या दिव्यांग मुलांपैकी ६१ टक्के मुले शिक्षणसंस्थेत जात होती, १२ टक्के पूर्वी कधी तरी गेली होती, आणि २७ टक्क्यांनी शाळेचे तोंडच पाहिले नव्हते. एकापेक्षा अधिक अक्षमता असलेल्या मुलांत कधीच शाळेत न गेलेल्यांचे प्रमाण ५४ टक्के होते. विशेष शाळेची सर्वांत जास्त गरज ज्यांना आहे, तीच मुले पटाबाहेर राहण्याची शक्यता सर्वांत जास्त, असा याचा अर्थ होतो. वर्गात दिसणारी मुले अनेक चाळण्यांतून खाली आलेली असतात, आणि यातील प्रत्येक चाळणीची भोके मुलाच्या बुद्धीशी नव्हे तर घरच्या परिस्थितीशी जुळलेली असतात.

पहिली चाळणी निदानाची. मूल दोन वर्षांचे झाले तरी बसत नाही किंवा बोलत नाही, हे घरात सगळ्यांना दिसते. पण त्याला नाव देणारा डॉक्टर भेटेपर्यंत कुटुंबाची वर्षे जातात. दुसरी चाळणी प्रमाणपत्राची. जबलपूरकर ज्याला अजूनही व्हिक्टोरिया म्हणतात, त्या सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी वैद्यकीय मंडळापुढे मुलाला घेऊन येणे म्हणजे कुंडम किंवा मझौलीकडच्या शेतमजूर कुटुंबाला एका दिवसाची मजुरी सोडणे आणि दोघांचे भाडे भरणे, आणि कागद अपुरा निघाला तर पुन्हा तेच करणे. तिसरी चाळणी रोजच्या प्रवासाची. सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावरून शाळेची व्हॅन जाते. घमापूर, गोहलपूर किंवा रांझीच्या आतल्या गल्लीत ती शिरत नाही, आणि आधाराशिवाय न चालणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला तिच्यापर्यंत रोज उचलून आणायला घरात एक रिकामा माणूस लागतो. हा माणूस बहुतेक घरांत आई असते. म्हणून शाळेच्या पटावर मुलाची जात, उत्पन्न आणि पत्ता यांच्याइतकाच निर्णायक ठरणारा एक रकाना असायला हवा, तो म्हणजे आईला दिवसाचे किती तास मोकळे आहेत याचा. आणि तो रकाना सहसा कोठेच नसतो.

जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली सुमारे २४.६ लाख होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण साधारण १५ टक्के होते. सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या छोट्या शाळेच्या पटावर चाळीस मुलांत गोंड कुटुंबातले एकच मूल असेल, तर त्यावरून आदिवासी मुलांत बौद्धिक अक्षमता कमी असते असे कोणी म्हणणार नाही. आणि ते एक मूल वर्षअखेरीस मागे पडले, तर आदिवासी मुले मागे पडतात असे म्हणणेही तितकेच निराधार ठरेल. पहिली चूक सहसा कोणी करत नाही, कारण ती उघड आहे. दुसरी मात्र अहवालांतून, दात्यांच्या सभांतून आणि कधी कधी शिक्षकांच्या खोलीतही सर्रास होते.

मुलामुलींच्या प्रमाणाचा प्रश्न थोडा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे, कारण येथे निसर्ग आणि समाज दोन्ही एकत्र येतात. जवळजवळ प्रत्येक विशेष शाळेत मुलगे जास्त असतात. याचे एक कारण शारीरिक आहे: स्वमग्नतेचे निदान मुलींच्या तुलनेत मुलग्यांत तीन ते चार पट होते, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला जन्माआधी किंवा लहानपणीच इजा झाल्यामुळे स्नायूंवर ताबा न राहणे, हीदेखील मुलग्यांत काहीशी अधिक आढळते, आणि एक्स गुणसूत्रावरील दोषांमुळे होणाऱ्या बौद्धिक अक्षमता बहुधा मुलग्यांत अधिक तीव्रपणे प्रकट होतात. त्यामुळे पटावर मुली कमी दिसल्या की ते निसर्गाच्या माथी मारून मोकळे होता येते. परंतु या सबबीची परीक्षा घेण्याचा एक मार्ग शाळेच्या जुन्या दाखल-नोंदवहीतच आहे. डाऊन सिंड्रोम, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असल्यामुळे येणारी स्थिती, मुलगे आणि मुली यांच्यात जवळजवळ सारख्या प्रमाणात आढळते. एखाद्या शाळेने गेल्या पंधरा-वीस वर्षांत डाऊन सिंड्रोम असलेली जितकी मुले दाखल केली त्यांची एकत्र मोजणी केली, आणि त्यांतही मुलगे दुप्पट निघाले, तर ती तफावत शरीराची नसून घराची आहे हे मान्य करावे लागेल: मुलीला घराबाहेर पाठवण्याची भीती, सोबतीचा प्रश्न, व्हॅनमध्ये बाई नसणे, शाळेत वेगळे स्वच्छतागृह नसणे, आणि तिच्यावर खर्च कशाला हा सनातन हिशेब. जनगणनेतही दिव्यांग पुरुषांची साक्षरता ६२ टक्के आणि स्त्रियांची ४५ टक्के होती, आणि सतरा टक्क्यांचा हा फरक कोणत्याही गुणसूत्राने समजावता येत नाही. छोट्या शाळेच्या पटाचा खरा उपयोग असा आहे. मुली किती शिकल्या यापेक्षा किती मुली आल्याच नाहीत, हे त्यावरून कळू शकते.

अमेरिकेत हीच आकडेवारी नेमक्या उलट्या अन्यायाचा पुरावा म्हणून न्यायालयात गेली होती. कॅलिफोर्नियातील ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’ या खटल्यात १९७९ साली न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांच्यापुढे आलेली माहिती अशी होती की राज्याच्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुले सुमारे १० टक्के असताना ‘शिकवता येण्याजोगी मतिमंद’ म्हणवल्या जाणाऱ्या वर्गांत ती सुमारे २५ टक्के होती. बुद्धिमापनाच्या चाचण्या त्या मुलांच्या भाषेला आणि जगण्याला परक्या होत्या, आणि त्यांच्या आधारे सर्वसाधारण कुवतीची मुले विशेष वर्गात ढकलली गेली होती. न्यायालयाने त्या कामासाठी अशा चाचण्या वापरण्यास बंदी केली. तेथे गरिबांच्या मुलांना विशेष वर्गात टाकले जात होते. जबलपुरात गरिबांची मुले विशेष शाळेपर्यंत पोचतच नाहीत. पटावरचे तेच प्रमाण एका देशात जास्त असल्यामुळे आणि दुसऱ्या देशात कमी असल्यामुळे चिंतेचे ठरते, यावरून प्रमाणाचा आकडा स्वतःहून काहीच बोलत नाही आणि मुलाला शाळेत आणणारी यंत्रणा कळल्याशिवाय तो वाचता येत नाही, हे स्पष्ट व्हावे.

प्रगतीच्या तक्त्याकडे वळण्यापूर्वी मोजमापाच्या साधनांचा इतिहास पाहिला पाहिजे, आणि त्यात मराठी मुलखाचा वाटा लहान नाही. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने व तेओदोर सिमों यांनी १९०५ साली तयार केलेली चाचणी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सुधारली गेली, आणि तिचे कानडी व मराठी मुलांसाठीचे रूप १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी त्या वेळच्या मुंबई-कर्नाटक भागातील मुलांवर बेतले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. बिने-कामत चाचणी म्हणून ती आजही देशभर वापरली जाते. दुसरे साधन नागपूरचे आहे. अमेरिकेतील व्हाइनलँड येथे एडगर डॉल यांनी १९३५ च्या सुमारास सामाजिक परिपक्वतेची एक मापनश्रेणी रचली होती. मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, एकटे शेजारी जाते का, निरोप पोचवते का, अशा बाबी आईला किंवा सांभाळणाऱ्याला विचारून तीत मुलाचे ‘सामाजिक वय’ काढतात. १९६० च्या दशकात नागपूर येथे ए. जे. मॅलिन यांनी तिचे भारतीय रूप तयार केले. बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर टक्केवारी लिहिताना केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी याच श्रेणीचा आधार घेतला. म्हणजे जबलपूरच्या मुलाच्या हातातील कागदावर जो आकडा असतो, त्याच्या मुळाशी नागपुरात साठ वर्षांपूर्वी बसवलेले माप आहे.

या मापाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच्या बाबी वाचल्या की पहिला तक्ता दुसऱ्या तक्त्यात आधीच मिसळलेला आहे हे लक्षात येते. एकटे घराबाहेर जाणे या बाबीवर मुलीला गुण मिळत नाहीत, कारण तिला एकटे जाऊच दिलेले नसते. तिची कुवत त्या प्रश्नाने तपासलीच जात नाही. घरात कामाला बाई असलेल्या सुखवस्तू कुटुंबातले दहा वर्षांचे मूल अंगात सदरा घालत नाही, कारण तो घातला जातो. तर एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या घरातले तितक्याच अक्षमतेचे मूल आपला सदरा आपण घालते, पाणी भरते आणि धाकट्या भावंडाला उचलून घेते. येथे श्रीमंती गुण कमी करते. चित्रे, पुस्तके, पेन्सिल यांच्याशी संबंधित बाबींवर हेच उलटे होते. प्रत्येक उत्तरात घराची रीत शिरलेली असते, आणि नंतर त्याच गुणांची वर्गवारी उत्पन्न किंवा लिंग यांप्रमाणे करून ‘परिणाम’ शोधणे म्हणजे आपणच घातलेली वस्तू आपणच शोधून काढणे होय.

भाषेचे तसेच आहे. जबलपुरात मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. शिवाय रेल्वे, लष्कर आणि आयुध निर्माणी यांच्यामुळे बंगाली, तेलुगू, मल्याळम बोलणारी घरेही आहेत, तर खेड्यांतून येणारी मुले बुंदेली वळणाची हिंदी किंवा गोंडी ऐकत वाढलेली असतात. शाळेची आणि चाचणीची भाषा प्रमाण हिंदी असते. चित्रातला बटाटा ओळखून ‘बटाटा’ म्हणणाऱ्या मुलाला ‘आलू’ म्हटले नाही म्हणून गुण नाकारणारा परीक्षक विरळा असेल, पण तोंडी सूचना, गोष्ट ऐकून प्रश्नांची उत्तरे, विरुद्धार्थी शब्द अशा बाबींत घरच्या भाषेचा तोटा नजरेआड राहतो आणि तो अक्षमतेच्या खात्यावर जमा होतो. याहून हानिकारक म्हणजे अशा पालकांना अनेकदा दिला जाणारा सल्ला: घरची भाषा सोडा, मुलाशी फक्त शाळेच्या भाषेत बोला. कॅनडातील एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डाऊन सिंड्रोम असलेली द्विभाषिक मुले एकाच भाषेत वाढलेल्या त्यांच्यासारख्याच मुलांपेक्षा भाषेत मागे असल्याचे आढळले नाही. ज्या आजीच्या मांडीवर मूल दिवसभर बसते त्या आजीशी बोलण्याची भाषाच काढून घेणारा सल्ला मुलाला एका बोलक्या माणसाला मुकवतो, आणि त्याबदल्यात त्याच्या हाती काहीच पडत नाही. पटावर मातृभाषेचा रकाना असावा तो यासाठी, शिक्षकाने दोन्ही भाषांतले शब्द नोंदवावेत म्हणून; भाषावार निकाल लावण्यासाठी नव्हे.

आता छोट्या संख्येचा प्रश्न. बारा मुलांच्या वर्गात एका मुलाचे वजन ८.३ टक्के असते. प्रत्येक मुलाने ठरलेले उद्दिष्ट गाठण्याची शक्यता वर्षानुवर्षे तीच, दहात सात, राहिली आणि शिक्षकही तेच राहिले, तरी केवळ योगायोगाने त्या वर्गाचा निकाल एका वर्षी ५८ टक्के आणि पुढच्या वर्षी ८३ टक्के लागणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. पहिल्या वर्षी शिक्षिकेला जाब विचारला जाईल आणि दुसऱ्या वर्षी तिचा सत्कार होईल, आणि दोन्ही प्रसंगी तिने केलेल्या कामात काहीही फरक नसेल. सरासरीतील चढउतार संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो, हे अब्राहम द म्वाव्र यांनी अठराव्या शतकात दाखवले. आणि संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी २००७ साली अमेरिकेतील शाळांचे उदाहरण घेऊन निदर्शनास आणले की गुणवत्ता यादीच्या अगदी वर छोट्या शाळा जास्त दिसतात म्हणून छोटेपणाचा गौरव करणाऱ्यांनी यादीचा तळ पाहिलाच नव्हता, कारण तेथेही छोट्या शाळाच जास्त होत्या. विशेष शाळा ही तर छोट्यांतली छोटी शाळा.

जबलपूरसारख्या शहरात आणखी एक गुंतागुंत आहे. रेल्वे, लष्कर आणि न्यायालय यांच्याशी जोडलेल्या कुटुंबांच्या बदल्या होतात, आणि मूल वर्षाच्या मध्यावर पट सोडून जाते. तीव्र अक्षमतेची दोन मुले गेली की वर्गाची सरासरी वर जाते, आणि नवे एक मूल आले की खाली येते. अहवालात मात्र दोन्ही वेळा ‘प्रगती’ हाच शब्द असतो. त्यातच आजारपणाची भर पडते. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींत साधारण पाचातल्या एकीला अपस्मार, म्हणजे फिट्स येण्याचा विकार, असतो. औषध वेळेवर न मिळाल्याने एक मोठी फीट आली की महिन्याभरात शिकलेले दोन आठवड्यांत मागे जाते, आणि औषधाची मात्रा वाढली की मूल वर्गात पेंगते. ज्या घरात औषध पगाराच्या तारखेशी बांधलेले असते, त्या घरातल्या मुलाची प्रगती महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घसरते. हजेरीपट, औषधाची नोंद आणि उद्दिष्टांची नोंद एकत्र ठेवली तर हे दिसते. जात आणि उत्पन्न यांच्या रकान्यांत ते दिसत नाही.

मग प्रगती मोजायची कशी? विशेष शिक्षणात याचे उत्तर तत्त्वतः बऱ्याच काळापासून उपलब्ध आहे. अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्याने प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा सक्तीचा केला, आणि भारतीय विशेष शाळांतही ‘आयईपी’ हा शब्द शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यात आहे. सिकंदराबादच्या, बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रातील राष्ट्रीय संस्थेने १९९० च्या दशकाच्या आरंभी तयार केलेल्या कार्यात्मक मूल्यमापन सूचीत मुलांना केवळ वयानुसार नव्हे तर कौशल्याच्या पातळीनुसारही गटांत ठेवतात आणि त्या गटाची साधारण ८० टक्के कौशल्ये आली की पुढच्या गटात नेतात. महाराष्ट्रात मुंबईच्या जय वकील संस्थेने (तिची स्थापना १९४४ ची) बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी तयार केलेला अभ्यासक्रम ‘दिशा अभियान’ या नावाने राज्य शासनाच्या साथीने शेकडो विशेष शाळांत गेला आहे, ही या दिशेची अलीकडची मोठी घटना होय. अनेक छोट्या शाळांनी आपापल्या परीने चाचपडण्यापेक्षा एकच सामाईक चौकट वापरली, तर निदान नोंदी एकमेकींना कळतील अशा भाषेत होतात.

ही नोंद प्रत्यक्षात कशी असते, हे एका कौशल्यावरून पाहता येईल. दुकानातून दहा रुपयांचा बिस्किटपुडा आणणे हे उद्दिष्ट घेतले, तर शिक्षक त्याच्या पायऱ्या पाडतो: दहाचे नाणे इतर नाण्यांतून वेगळे ओळखणे, ते मुठीत धरून वाट संपेपर्यंत न सोडणे, दुकानदारापुढे थांबणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, वस्तूचे नाव सांगणे किंवा बोट दाखवणे, नाणे देणे, पुडा घेणे, तो न फोडता परत येणे. प्रत्येक पायरीपुढे मुलाला किती मदत लागली ते लिहितात: हाताला धरून, खुणेने, तोंडी सूचनेने की अजिबात मदतीविना. जूनमध्ये एखाद्या मुलाला आठही पायऱ्यांवर हात धरावा लागत असेल आणि फेब्रुवारीत पाच पायऱ्या तोंडी सूचनेने व दोन मदतीविना जमत असतील, पण आपली पाळी येईपर्यंत थांबणे अजून जमत नसेल, तर साध्य-असाध्य अशा दोनच खान्यांच्या तक्त्यात त्याच्यापुढे ‘असाध्य’ लिहिले जाते. त्या मुलाच्या आईला विचारले तर वर्ष कसे गेले याचे उत्तर ती वेगळे देईल, आणि तिचे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या अधिक अचूक असेल, कारण ती मुलाला गेल्या वर्षीच्या त्याच्याशी ताडून पाहते.

या पद्धतीवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. प्रत्येक मुलाचे माप वेगळे ठरले, तर शाळेला कोणी काही विचारूच शकणार नाही. सोपी उद्दिष्टे ठरवून ती दरवर्षी साध्य झाल्याचे दाखवणे कोणत्याही शाळेला जमेल, आणि सहानुभूतीच्या आडोशाने निष्काळजीपणा खपून जाईल. हा धोका खरा आहे. दहा वर्षे मणी ओवत बसलेली मुले आणि दहा वर्षे तेच उद्दिष्ट उतरवून काढलेले आराखडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तो सांगावा लागत नाही. परंतु त्यावरचा उपाय म्हणून मुलांची आपसांत तुलना करणे उपयोगी पडत नाही. १९६८ साली किरेसुक आणि शर्मन यांनी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात सुचवलेली उद्दिष्टपूर्तीची श्रेणी येथे उपयोगी पडते. तीत वर्षाच्या आरंभीच प्रत्येक उद्दिष्टाच्या पाच पातळ्या शब्दांत लिहून ठेवतात, अपेक्षित पातळीला शून्य, त्याहून वरच्या दोन पातळ्यांना अधिक एक व अधिक दोन, आणि खालच्या दोन पातळ्यांना उणे एक व उणे दोन असे अंक देतात, आणि वर्षअखेरीस मूल कोठे पोचले ते पाहतात. उद्दिष्टे फार सोपी ठेवली तर सगळी मुले अधिक दोनवर जातात आणि शाळेची चलाखी तिच्याच आकड्यांत उघडी पडते. पातळ्या लिहिणारा आणि वर्षअखेरीस तपासणारा वेगळा असावा, शक्य तर दुसऱ्या शाळेतला विशेष शिक्षक असावा, एवढे पथ्य पाळले तर हिशेब मागण्याची सोय राहते आणि मुलाला दुसऱ्या मुलाच्या पट्टीने मोजण्याचा अन्यायही होत नाही.

परीक्षांच्या निकालाविषयी थोडक्यात सांगता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला तीन मुले बसून तिन्ही उत्तीर्ण झाली की ‘शंभर टक्के निकाल’ अशी पाटी लागते. त्या तीन मुलांचे कष्ट आणि त्यांच्या शिक्षकांची चिकाटी कौतुकास पात्रच आहे; पण कोणाला बसवायचे हे शाळाच ठरवते, त्यामुळे ती टक्केवारी शाळेच्या निवडीविषयी बोलते, शिकवण्याविषयी नव्हे.

शाळेला जाब विचारायचाच असेल, तर ज्या गोष्टी तिच्या आणि शासनाच्या हातात आहेत त्यांविषयी विचारावा. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेवर २८ ऑक्टोबर २०२१ रोजी दिलेल्या निकालात विद्यार्थी-शिक्षक प्रमाण सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी आठास एक, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता व अध्ययन अक्षमता यांसाठी पाचास एक, आणि बधिरांध किंवा बहुविध अक्षमतेच्या मुलांसाठी दोनास एक असे तात्पुरते ठरवून दिले. शाळेच्या अहवालात मुलांच्या प्रवर्गांचा तक्ता असतो, पण प्रत्येक शिक्षकामागे कोणत्या अक्षमतेची किती मुले आहेत हा तक्ता असतो का, शिक्षक किती वर्षे टिकतात, त्यांचा पगार वेळेवर होतो का, वाचा-उपचार आणि भौतिकोपचार आठवड्यातून किती तास मिळतात, हे प्रश्न निकालाशी थेट बांधलेले आहेत. पाचास एकऐवजी पंधरास एक असे प्रमाण असलेल्या वर्गात मुलांची सामाजिक पार्श्वभूमी तपासत बसणे ही जबाबदारी मुलांच्या घरांवर ढकलण्याची सभ्य पद्धत आहे.

छोट्या पटाचे तक्ते छापण्यात आणखी एक अनौचित्य आहे. लिंग, वय, प्रवर्ग आणि अक्षमता हे चार रकाने एकत्र आले की पन्नास मुलांच्या शाळेत जवळजवळ प्रत्येक ओळ एकेका मुलाची होते. चौदा वर्षांची, अनुसूचित जमातीची, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी शाळेत एकच असेल, तर नाव न लिहिताही तिचा निकाल सगळ्या मोहल्ल्याला कळतो. अमेरिकेतील शिक्षणखाती ठरावीक संख्येपेक्षा लहान गटाची आकडेवारी प्रसिद्धच करत नाहीत. ती पद्धत येथेही सहज घेता येईल. तक्ते शाळेने आपल्या उपयोगासाठी जरूर ठेवावेत, अनेक वर्षांचे एकत्र करून पाहावेत, पण दात्यांच्या पुस्तिकेत मुलांच्या जगण्याचा असा उघडा पंचनामा असू नये.

सर्वसमावेशक शिक्षणाचा आग्रह धरणारे या सगळ्या विवेचनावर म्हणतील की मुळात वेगळी शाळाच नको. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ साली मान्य केला, आणि २०१६ च्या कायद्याच्या ३१ व्या कलमाने सहा ते अठरा वर्षांच्या, लक्षणीय दिव्यांगता असलेल्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिकण्याचा हक्क दिला. पसंती हा त्यातला कळीचा भाग आहे. ज्या मुलीपुढे शेजारच्या शाळेत विशेष शिक्षक नाही आणि सिव्हिल लाइन्सपर्यंत जायला वाहन नाही, तिच्या बाबतीत पसंतीचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि हा वाद तिच्यासाठी पुष्कळ पुढचा आहे.

म्हणून अशा शाळांनी एक साधी वही सुरू करणे सर्वांत निकडीचे वाटते, आणि ती आज जवळजवळ कोठेच ठेवली जात नाही: चौकशीची वही. जे पालक मुलाला घेऊन शाळेत आले, माहिती विचारून गेले आणि परत आले नाहीत, त्यांची गाव किंवा मोहल्ला, मुलाचे वय, मुलगा की मुलगी, अक्षमता, आणि काय अडले, एवढीच नोंद तीत हवी: फी, व्हॅन, कागद, जागा नाही, मूल फार तीव्र अक्षमतेचे, घरी सोबत नाही. दाखल मुलांच्या नोंदवहीशेजारी ही वही ठेवून पाच वर्षांनी दोन्ही उघडल्या, तर व्हॅन कोणत्या बाजूला वळवायची, व्हॅनमध्ये मदतनीस बाई नेमायची की नाही, आणि कुंडमसाठी आठवड्यातून दोन दिवस शिक्षकालाच तिकडे पाठवायचे का, हे ठरवायला शाळेपाशी स्वतःचा पुरावा असेल.